गाडीवरची काजळी कुणाची?

मागच्या रविवारी सकाळी माझ्या गाडीच्या बॉनेटवर गल्लीतल्या पोरांनी बोटानं लिहून ठेवलं होतं, 'काका, गाडी धुवा.' पोरांचं काही चुकलं नाही. पण गाडी मी शनिवारी संध्याकाळीच धुऊन आणली होती. एका रात्रीत बोटानं अक्षरं उमटतील एवढा काळा थर बसला होता.

दर हिवाळ्यात हे होतं. गाडी पांढरी आहे म्हणून दिसतं एवढंच. तुमच्या काळ्या, निळ्या गाडीवरही तेवढंच असतं. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर असतं, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर असतं, तुळशीच्या पानांवर असतं. आपण झटकतो, पुसतो आणि कामाला लागतो. कुणाची आहे ही काजळी, हे विचारत नाही. विचारलंच तर दहा जण दहा उत्तरं देतात. या वर्षी ठरवलं, उत्तर आपणच शोधायचं. वीस वर्षं बातमीदारी केली, आपल्या दारातली बातमी एकदा तरी नीट करू.

पहिलं उत्तर वॉशिंग सेंटरवाल्यानं दिलं. "साहेब, ब्रेकची धूळ असते ही." ब्रेकची धूळ असते, खोटं नाही. पण ती चाकांच्या रिमवर बसते, त्यातही पुढच्या चाकांवर जास्त. टपावर चढत नाही. शिवाय ब्रेकच्या धुळीत लोखंडाचा अंश असतो. पोराच्या खेळण्यातलं लोहचुंबक कागदात गुंडाळून मी बॉनेटवरच्या काळ्यात फिरवलं. जवळपास काहीच चिकटलं नाही. रिमवरच्या धुळीत फिरवलं तर कागदावर बारीक लव उभी राहिली.

दुसरं उत्तर शेजारच्या अण्णांचं. "तू गाडी आंब्याखाली लावतोस, मग काय होणार?" हेही अगदीच चुकीचं नाही. आंब्याला मोहोर आला की तुडतुडे येतात, त्यांचा गोड चिकटा खाली गळतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. पण तो डाग चिकट असतो, बोट लावलं की गुळासारखं ओढतं. माझ्या गाडीवरचं कोरडं होतं, फुंकर मारली की उडत होतं. तरी अण्णांच्या समाधानासाठी चार दिवस गाडी आंब्यापासून लांब, मोकळ्या मैदानात लावली. काजळी तेवढीच.

तिसरं उत्तर, डंपर आणि एसटीचा धूर. रस्त्यावरच्या गाड्यांनी काळं होत असेल तर ते दारं, मागची काच, नंबर प्लेट अशा उभ्या भागांवरही दिसायला हवं. माझ्या गाडीची दारं बऱ्यापैकी स्वच्छ होती. काळं होतं ते टप, बॉनेट आणि पुढच्या काचेच्या खालच्या खाचेत. म्हणजे ते बाजूनं उडून येत नव्हतं, वरून पडत होतं. आणि गाडी रात्रभर एका जागी उभी असताना पडत होतं.

मग मी ते काळं नीट बघितलं. पांढऱ्या कागदावर झटकून घेतलं आणि मुलीच्या शाळेच्या भिंगाखाली धरलं. बारीक, हलक्या, तंतूसारख्या कपच्या. चिमटीत चुरल्या की पेन्सिलीसारखी काळी रेघ उमटते. ग्लासभर पाण्यात टाकल्या तर बऱ्याचशा वर तरंगत राहिल्या. दुसऱ्या ग्लासात रस्त्यावरची धूळ टाकली. ती तांबूस होती, खरखरीत होती आणि थोड्याच वेळात तळाला बसली. या दोन धुळी एका घरच्या नाहीत, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तंतू असलेली, हलकी, पोकळ, अर्धवट जळालेली वस्तू. आपल्या तालुक्यात असं काय जळतं, तेही रात्रंदिवस, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत? उसाचा भुसा. कारखान्यात ज्याला बगॅस म्हणतात तो.

इथं येऊन बरेच जण गप्प होतात. मीही झालो असतो. पण 'दिसतंय तसं' म्हणून बातमी होत नाही, म्हणून आणखी एक काम केलं. पांढऱ्या टाईल्सचे चार तुकडे घेतले आणि चार छपरांवर ठेवले. एक माझ्या गच्चीवर. माझं घर कारखान्याच्या पश्चिमेला साधारण दीड किलोमीटरवर आहे. दुसरा बाजारपेठेत, एसटी स्टँडजवळ मित्राच्या दुकानावर. तिसरा बहिणीकडे, ती कारखान्याच्या पूर्वेला राहते. चौथा मेव्हण्याच्या गावी, १४ किलोमीटर लांब, जिथं ऊस भरपूर आहे, पाचटही जाळतात, पण कारखाना नाही. रोज संध्याकाळी पुसायचं, सकाळी फोटो काढायचा. असं नऊ रात्री केलं.

माझी आणि बाजारातली टाईल आठ रात्री काळी झाली. बहिणीकडे चार-दोन ठिपके, कारण हिवाळ्यात रात्रीचा वारा आपल्याकडे जास्त करून पूर्वेकडून येतो आणि काजळी आपल्या बाजूला सरकते. मेव्हण्याकडे फक्त तांबूस धूळ. एका रात्री मात्र तिथंही काळं पडलं, कारण शेजारच्या शिवारात पाचट पेटवलं होतं. पण ती राख वेगळी होती. बोटाएवढ्या लांब, वळलेल्या पट्ट्या, त्यावर पानाच्या शिरासुद्धा दिसत होत्या.

माझी टाईल नवव्या रात्री का काळी झाली नाही? त्या रात्री कारखाना साफसफाईसाठी बंद होता, बॉयलर थंड होते. रस्त्यावर डंपर तेवढेच होते, एसटी तेवढ्याच होत्या, आंबा तिथंच होता. टाईल फक्त जरा धुळकट झाली.

ही घरगुती परीक्षा आहे, प्रयोगशाळेचा अहवाल नाही. पण ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे, कायदा आहे, पगार आहे, त्यांनी एवढं तरी केलंय का, हा माझा प्रश्न आहे.

आता जरा हिशोब बघा. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो भुसा निघतो, त्यात निम्मं पाणी असतं. रोज ५,००० टन गाळणारा कारखाना धरला तर दिवसाला १,४०० टनांच्या वर भुसा. त्यातला बराचसा बॉयलरमध्ये जातो. त्यावर वाफ होते, वाफेवर कारखाना आणि वीज चालते. ही चांगलीच गोष्ट आहे, कोळसा वाचतो. पण हा सगळा भुसा जळला आणि शंभर किलोला एकच किलो राख धरली, तरी दिवसाला १४ टन राख. काही खाली जाळीवर पडते. उरलेली धुराबरोबर चिमणीकडे निघते. तिला वाटेत अडवायला यंत्र असतं. कुठं पाण्याच्या फवाऱ्यानं राख धुऊन काढणारा स्क्रबर, कुठं विजेच्या भारानं राख ओढून घेणारं ईएसपी. ते यंत्र नीट चाललं तर बहुतेक राख आत राहते. नाही चाललं तर ती माझ्या बॉनेटवर आणि तुमच्या गच्चीवर येते.

बॉयलरवर आयुष्य काढून रिटायर झालेल्या एका मामांना मी विचारलं, स्क्रबर असूनही काजळी कशी येते? मामा हसले. म्हणाले, "स्क्रबर असणं येगळं आणि चालणं येगळं. नोझल चोंदतंय, पंप बंद पडतोय, पाणी कमी पडतंय. हंगामात बॉयलर थांबवून दुरुस्ती कोण करणार? भुसा वल्ला आला की जाळ नीट धरत नाही, काळं जास्त निघतं. आणि पायपांवर काजळी बसती, ती पाळीत एकदा वाफेनं झाडावी लागती. ती झाडली की धुराड्यातनं बघा कसा लोट येतोय." मी विचारलं, ते रात्रीच का? मामा म्हणाले, "ते तूच लिही."

मी आरोप करत नाही, प्रश्न विचारतोय. रात्री पडायला निसर्गाचंही एक कारण आहे. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, धूर वर जात नाही, गावावरच बसतो. मग जो धूर रात्री गावावर बसणार हे ठाऊक आहे, तो रात्री जास्त जपून सोडायला नको का?

नियम काय सांगतो? जानेवारी २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे साखर कारखान्याच्या चिमणीतून बाहेर पडणाऱ्या एक घनमीटर वायूत १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी धूलिकण असले पाहिजेत. साखर उद्योग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या १७ जास्त प्रदूषणकारी उद्योगांच्या यादीत आहे, आणि अशा उद्योगांना २०१४ सालीच सांगितलंय की सतत मोजणी करणारं ऑनलाइन यंत्र बसवा आणि त्याचे आकडे मंडळाकडे जाऊ द्या. म्हणजे रात्री दोन वाजता चिमणीतून काय निघालं, याचा आकडा कुठल्यातरी संगणकात असायला हवा. मला आणि तुम्हाला तो दिसत नाही, एवढंच.

आणि आता ती गोष्ट, जी कळल्यावर मला खरंच राग आला. 'हवेची गुणवत्ता समाधानकारक' असे अहवाल आपण वाचतो. देशाच्या २००९ च्या हवेच्या मानकांत १२ घटक आहेत. त्यात धुळीचे दोनच प्रकार, १० मायक्रॉनपर्यंतचे कण आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण. हे सगळे तरंगणारे, डोळ्याला न दिसणारे. वरून पडणारी, डोळ्याला दिसणारी जाड काजळी या बारांत कुठंच नाही. म्हणजे तुमची गच्ची काळीकुट्ट असली तरी अहवाल 'सगळं मर्यादेत' म्हणू शकतो, आणि दोन्ही खरं असू शकतं. आपल्याला रोज जो त्रास होतो, तो मोजायचा रकानाच कागदावर नाही. म्हणून तर ही काजळी कुणाचीच नसते.

आणि एक उलटी बाजू. गाडीवर पडणाऱ्या जाड कपच्या नाका-घशात अडकतात, फुप्फुसात खोल जात नाहीत. खोल जातात ते त्याच धुरातले बारीक कण, जे गाडीवर दिसतच नाहीत. गाडी ही फक्त पाटी आहे. तिच्यावर लिहिलेलं वाचता येतं, छातीत लिहिलेलं वाचता येत नाही.

ज्यांना गाडीच नाही, त्यांचं काय? कारखान्याच्या भिंतीला लागून ऊसतोड मजुरांच्या कोप्या आहेत. बीड, जालन्याकडून आलेली माणसं चार-पाच महिने तिथं राहतात. उघड्यावर भाकरी थापतात, लेकरं उघड्यावर झोपतात. वर चिमणी. त्यांच्या पिठात किती काजळी जाते याचा रकाना तर कुठल्याच वहीत नाही.

आता हे लिहिल्यावर काय काय ऐकायला मिळणार, तेही मला पाठ आहे.

"शेतकरी पाचट जाळतात, ते दिसत नाही का?" दिसतं. तेही चूकच आहे. पाचट सरीत कुजवलं तर जमिनीचं सोनं होतं, हे आपल्यालाही कळतं. पण पाचट ऊस तुटलेल्या रानात, एखाद-दुसऱ्या रात्री पेटतं. बॉयलर अख्खा हंगाम पेटलेला असतो. आणि दोन्ही राखांत फरक काय, तो वर सांगितलाय. तुमच्या गच्चीवर जाऊन स्वतः बघा.

"गुऱ्हाळं आहेत, वीटभट्ट्या आहेत." आहेत. त्यांचीही तपासणी करा, मी बरोबर येतो. एकाचं नाव पुढं करून दुसऱ्याला झाकायचं नाही, एवढंच.

"कारखान्यामुळं तालुका उभा राहिला, आता गाडीच्या काजळीपायी बंद पाडायचा का?" कोण म्हणालं बंद पाडा? माझ्या वडिलांचा शेअर आहे त्या कारखान्यात. माझी फी उसाच्या बिलातून भरली गेली. बंद पाडा म्हणत नाही, दुरुस्त करा म्हणतोय. बॉयलर चालू ठेवणं आणि स्क्रबर चालू ठेवणं यात भांडण नाही. राख अडवायचा खर्च कारखान्याचा आहे. तो टाळला की तोच खर्च हजार घरांवर वाटला जातो. कुणाचा गाडी धुण्यात, कुणाचा कपडे दोनदा धुण्यात, कुणाचा खोकल्याच्या औषधात. फक्त त्याची पावती निघत नाही.

"तू विरोधी पॅनेलचा आहेस." या पॅनेलच्या आणि त्या पॅनेलच्या, दोघांच्याही काळात माझी गाडी काळीच होती. गाडी जुनी आहे, तिनं दोन्ही राजवटी पाहिल्यात.

पण एक टोमणा मला लागतो, आणि तो खरा आहे. "इतकी वर्षं का नाही लिहिलं?" नाही लिहिलं. दर हंगामाला बॉयलर अग्निप्रदीपनाचा फोटो आम्ही पहिल्या पानावर छापतो. गव्हाणीत मोळी टाकताना हसणारे सगळे चेहरे ओळीनं, नावांसकट. 'धुराडी पेटली' असा मथळा मी स्वतः किती वेळा दिला असेल. त्या धुराड्यातून काय निघतं, हे एकदाही विचारलं नाही. कारण त्याच अंकात आतल्या पानावर कारखान्याची शुभेच्छांची जाहिरात असते आणि त्या जाहिरातीवर आमचे दिवाळीचे पैसे असतात. दुसऱ्याला प्रश्न विचारण्याआधी हे सांगणं भाग आहे. ही पोस्ट मी पेपरात का नाही लिहिली, इथं का लिहिली, तेही यातच आलं.

सहकार म्हणजे काय होतं हो? १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा त्यामागचा विचारच हा होता की ऊस पिकवणारा हाच मालक. म्हणजे आपण मालक. मग मालकाच्याच गच्चीवर कारखाना राख टाकतो आणि मालक गपचूप झाडू घेतो, हा कुठला सहकार? वार्षिक सभेत आपण उसाच्या दरावर बोलतो, बोलायलाच पाहिजे. पण सभा असते सप्टेंबरात. तोवर पट्टा पडून सहा महिने झालेले असतात, पावसानं छपरं धुतलेली असतात आणि आपण विसरलेलो असतो. दर वर्षी हेच होतं. पाऊस कारखान्याची बाजू मांडून जातो.

म्हणून आत्ताच, काळं डोळ्यांसमोर असताना, चार गोष्टी मागायच्या.

एक. ऑनलाइन यंत्राचे या हंगामातले तासातासाचे आकडे, रात्रीचे धरून, कारखान्याच्या गेटवर मोठ्या फलकावर लावा. लपवण्यासारखं नसेल तर लावायला हरकत काय?

दोन. स्क्रबर कधी बंद होता, किती तास, कशामुळं, याची नोंदवही सभासदांना दाखवा.

तीन. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं तपासणी रात्री करावी, आधी न कळवता. दुपारी अकराला, पाहुणचार घेऊन केलेली तपासणी आम्हाला नको. आणि गच्चीवर पडलेल्या काजळीचा नमुना घेऊन ती कशाची आहे, हे लेखी सांगावं.

चार. कोप्या धुराच्या वाटेतून हलवा. हे तर उद्याही करता येईल.

माहिती अधिकाराचा अर्ज मी या सोमवारी देतोय, मंडळाकडे. कायद्यानं ३० दिवसांत उत्तर द्यायला हवं. जे येईल ते इथंच टाकेन. कारखान्याची चूक नाही असं निघालं, तर तेही याच जागी, एवढ्याच लांबीचं लिहीन. आणि कारखान्यातल्या जबाबदार माणसाला बोलायचं असेल तर मी टाईल घेऊन येतो, चहा तुमचा.

तुम्ही एवढंच करा. आज रात्री एक पांढरी बशी गच्चीवर ठेवा. सकाळी तारीख आणि गल्लीचं नाव लिहून फोटो काढून ठेवा. एका बशीला कुणी विचारत नाही. दोनशे बश्या घेऊन आपण तहसीलला गेलो तर विचारावं लागेल.

आणि जाता जाता एक कामाची गोष्ट, गाडीवाल्यांसाठी. ही काजळी कोरड्या फडक्यानं पुसू नका. भुशाच्या राखेत वाळूसारखा सिलिका असतो, रंगावर बारीक ओरखडे पडतात. आधी भरपूर पाणी मारा, मग फडकं. वायपर तर कोरड्या काचेवर अजिबात चालवू नका.

मी मात्र बॉनेट अजून धुतलेलं नाही. पोरांनी लिहिलेलं तसंच आहे. फक्त 'काका' खोडून मी तिथं 'चेअरमनसाहेब' लिहिलंय, आणि 'गाडी' खोडून 'धुराडं'.